नारिंगी सदरा : एका सायकल-संघाची कहाणी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन संस्थेचे चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा संतवाङ्मयावरचा किंवा सीमाभागातील मराठीवरचा एखादा विषय त्यांनी मनात धरला असावा. मी सायकलच्या शर्यतीवर बोलणार, असे सांगताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि 'सर, व्याख्यान शाळेचं आहे' असे अत्यंत नम्रपणे मला सुचविले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर सायकलविषयी बोलावे, हे चमत्कारिकच. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, ते पाऊस असो वा ऊन, सायकलवरूनच शाळेत येत. हँडलला तपासलेल्या वह्यांची पिशवी अडकविलेली असे. हा विषय त्यांना परका वाटला नसता, असा माझा समज आहे. शिवाय बोलता बोलता मी भाषेकडे वळणारच आहे. सवय सुटत नाही.

बेळगावकरांना सायकलचे अप्रूप सांगायला नको. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी याच गावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईस शिकवीत, तेथून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या येथे विकीत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. पुढे याच उद्योगातून लोखंडी नांगर आला, कारखाना आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे रस्त्याचे नाव तेवढे उरले. सायकलीकडून नांगराकडे गेलेल्या या घराण्याची आठवण मी मुद्दाम काढली. कारण आज ज्या मुलखाची गोष्ट सांगायची आहे, तेथील एक गाव बंदुकीकडून सायकलीकडे आले.

तो मुलूख बास्क लोकांचा. स्पेनच्या उत्तरेस, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी आणि समुद्राला लागून असलेला हा डोंगराळ प्रदेश दोन राज्यांत वाटला गेला आहे. त्याचे चार प्रांत स्पेनमध्ये आणि तीन फ्रान्समध्ये. सगळी वस्ती सुमारे तीस लाख. तेथे एइबार नावाचे गाव पिढ्यान् पिढ्या बंदुका आणि पिस्तुले घडवीत असे. ओर्बेआ बंधूंचा तेथला कारखाना १८४० चा. बंदुकीची नळी ओढण्या-भोकण्याचे कसब सायकलच्या नळ्यांना उपयोगी पडते, हे त्या गावाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखले, आणि १९३० च्या दशकात ओर्बेआ हे नाव पिस्तुलावरून उतरून सायकलीवर आले. १९६९ मध्ये तो कारखाना कामगारांची सहकारी संस्था बनला आणि पुढे मोंद्रागोन या प्रसिद्ध सहकारी समूहात सामील झाला. त्या समूहाचे मूळही पाहण्यासारखे आहे. आरिस्मेंदियारिएता नावाच्या एका पाद्र्याने १९४३ मध्ये काढलेल्या साध्या तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना उभारला. शाळेतून कारखाने निघाल्याचे हे उदाहरण शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष आनंद होतो.

मी हे सारे वाचून आणि पडद्यावर पाहून सांगतो आहे. त्या मुलखात मी गेलेलो नाही. जुलै २०११ मध्ये एका संध्याकाळी नातू दूरचित्रवाणीवर फ्रान्सची सायकल-शर्यत पाहत बसला होता आणि मी बातम्यांची वाट पाहत त्याच्या शेजारी होतो. पिरेनीजमधील एक घाट दिसत होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारिंगी रंगाची माणसे दाटली होती. दिवे घाटात वारी चढताना जसा डोंगरच चालू लागल्यासारखा भासतो, तसेच काहीसे ते दृश्य होते. फरक एवढाच की येथे माणसे उभी होती आणि त्यांच्यामधून एकेकटा, घामाने निथळणारा सायकलस्वार वाट काढीत वर जात होता. मी विचारले, 'हे कोण रे?' नातू म्हणाला, 'आजोबा, ही टेलिफोन कंपनीची टीम आहे.' टेलिफोन कंपनीसाठी एवढी माणसे डोंगर चढून का यावीत, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात बसला तो आजतागायत.

येथे थोडे शब्दाविषयी बोलतो. 'प्रायोजक' हा शब्द आपल्या कानांवर नीट पडू लागला तो दूरदर्शनवरील प्रायोजित कार्यक्रमांमुळे. त्यापूर्वी आपल्याकडे आश्रयदाता होता, देणगीदार होता, वर्गणीदार होता, यजमान होता. हे चारही शब्द वेगवेगळे नाते सांगतात. आश्रयदाता वरून देतो. देणगीदार देऊन बाजूला होतो आणि फार तर भिंतीवर फरशी मागतो. वर्गणीदार थोडे देतो, पण हिशेब विचारतो. प्रायोजक मात्र मोबदला घेऊनच देतो. तो आपले नाव खेळाडूच्या छातीवर लिहितो. लोकाश्रय आणि राजाश्रय यांची चर्चा आपण वाङ्मयेतिहासात पुष्कळ केली. हा तिसरा आश्रय आपल्या विचारात अजून पुरता आलेला नाही.

सायकलच्या खेळात तो आला त्याचीही एक गंमत आहे. फ्रान्सची मोठी शर्यत १९०३ मध्ये एका वर्तमानपत्राने खप वाढविण्यासाठी सुरू केली. म्हणजे जन्मतःच ती जाहिरात होती. संघांना पैसे देत ते सायकल बनविणारे कारखाने. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोपेड-मोटारींकडे वळले, सायकलीचा खप घसरला आणि कारखान्यांचे हात आखडले. तेव्हा १९५४ मध्ये फिओरेन्झो माग्नी या इटालियन स्वाराने निव्हिया या त्वचेला लावायच्या क्रीमचे नाव सदऱ्यावर घेतले. सायकलीशी काडीचा संबंध नसलेला पहिला मोठा प्रायोजक तो. मग काय, सरबते आली, शीतकपाटे आली. बास्क मुलखातील व्हितोरिया गावच्या कास या सरबताच्या कंपनीने १९५८ पासून दोन दशके पिवळ्या सदऱ्यांचा नामांकित संघ चालविला. मोंद्रागोन समूहातील फागोर या गृहोपयोगी यंत्रे बनविणाऱ्या संस्थेनेही दोनदा संघ उभा केला. ही नावे एका मागोमाग आली आणि गेली. खुद्द स्पेनची फेरी, म्हणजे 'वुएल्टा', १९५५ पासून १९७८ पर्यंत बिल्बाओच्या वर्तमानपत्राने भरविली. बास्क मुलांनी पाय द्यावेत, बास्क व्यापाऱ्याने पैसा द्यावा आणि संघाला नाव मात्र सरबताचे असावे, असा तो प्रकार होता.

एका गोष्टीची पार्श्वभूमी सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. बास्क भाषा, एउस्कारा, ही युरोपातल्या कोणत्याही भाषेची बहीण नाही. आजूबाजूच्या सर्व भाषा लॅटिनच्या लेकी. ही एकटीच, कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणारी. फ्रँकोच्या राजवटीत तिला शाळेतून, कचेरीतून, छापखान्यातून हद्दपार केले गेले. लेखकांनी बोलींमधून प्रमाणभाषा बांधण्याचा निर्णय घेतला तो १९६८ मध्ये. स्वायत्ततेचा कायदा आला १९७९ मध्ये. या भाषेत बास्क माणसासाठी शब्द आहे 'एउस्काल्दून'. त्याचा धात्वर्थ आहे 'ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो'. रक्त नाही, गोत्र नाही, जवळ भाषा आहे एवढीच ओळख. सीमाभागात हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा शब्द वाचून काय वाटले असेल, ते आपणांस सांगायला नको.

याच लोकांतून एका सशस्त्र संघटनेने अनेक वर्षे रक्तपात केला, हेही सांगितले पाहिजे. शेकडो माणसे मारली गेली. त्यामुळे 'आम्ही बास्क' असे म्हणताना पुष्कळांच्या तोंडी कडवटपणा येई. दहशतीवाचून, पक्षावाचून, घोषणेवाचून आपलेपण दाखविण्याची जागा त्या समाजाला हवी होती. बिल्बाओचा प्रसिद्ध फुटबॉल संघ केवळ बास्क खेळाडूंनिशी खेळण्याचा दंडक विसाव्या शतकाच्या आरंभापासून पाळीत आला होता. पण सायकलीला तसा संघ नव्हता.

तो मिगेल मादारियागा या गृहस्थाने उभा केला. १९९३ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९९४ पासून 'एउस्कादी' नावाचा संघ शर्यतींत उतरला. एउस्कादी म्हणजे बास्क भूमी. नियम साधा होता. स्वार एकतर त्या मुलखात जन्मलेला असावा किंवा तेथील हौशी संघांतून घडलेला असावा. पैसा तीन ठिकाणांहून यायचा: चाहत्यांच्या वर्गणीतून, सरकारी संस्थांकडून आणि मिळेल त्या उद्योगाकडून. आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एउस्काल्तेल ही नवी टेलिफोन कंपनी पुढे आली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नावच पाहा: 'एउस्काल', म्हणजे बास्क भाषेचे, आणि 'तेल' टेलिफोनचे. जाहिरातीच्या नावातच भाषेचे नाव होते. दुसऱ्या एखाद्या कंपनीचे नाव त्या सदऱ्यावर येते तर ही गोष्ट घडली असती का, याची मला शंका आहे.

आता रंग. बास्क ध्वज तांबडा, हिरवा आणि पांढरा. नारिंगी त्यात कोठेच नाही. नारिंगी हा कंपनीचा रंग, एखाद्या जाहिरात-कचेरीत बसून कोणी निवडलेला. पण काही वर्षांत तो डोंगरावर उभ्या राहणाऱ्या माणसांचा रंग झाला. लोकांनी तो सदरा विकत घेतला, मुलांना चढविला, म्हाताऱ्यांनी घातला. सरबताच्या संघांना जे लाभले नाही ते या टेलिफोनच्या संघाला लाभले. मला याचे कारण त्या तीन झऱ्यांत दिसते. मोठी रक्कम कंपनीची असली तरी खाली वर्गणीदार होते. आणि त्याहून खाली गावोगावचे सायकल-मंडळ होते, जेथे दुकानदाराने दिलेल्या सदऱ्यावर आठ-दहा वर्षांची पोरे रविवारी शर्यत करीत आणि त्यांचे बाप चौकाचौकांत उभे राहून गाड्या थोपवीत. प्रायोजकाने झाडाला पाणी घातले. झाड त्याने लावले नव्हते, आणि हे त्यालाही माहीत होते.

२००१ मध्ये या संघाला फ्रान्सच्या फेरीचे पहिले आमंत्रण आले. चौदावा टप्पा लूझ-आर्दिदेन या पिरेनीजमधल्या शिखरापाशी संपणार होता. शेवटचा चढ सुमारे तेरा किलोमीटरचा. सायकलवर बसलेल्या माणसाला प्रत्येक किलोमीटर मोजायला लावणारा. बास्क मुलूख तेथून फार दूर नाही. माणसे गाड्यांनी आली, पायी वर चढली. त्या दिवशी जिंकला रोबेर्तो लायसेका. वय ३२, १९९४ पासून याच संघात, आणि गाव गेर्निका. होय, तेच गेर्निका, जे २६ एप्रिल १९३७ रोजी विमानांनी बेचिराख केले आणि पिकासोच्या चित्राने जगाच्या डोळ्यांपुढे ठेवले. गेर्निका म्हटले की जगाला एक आक्रोश आठवतो. त्या दिवशी त्या गावच्या मुलाने हात उंचावून शिखर गाठले. मी यात अधिक काव्य भरीत नाही.

त्या शर्यतीत एकूण विजेता म्हणून ज्याचे नाव लागले, त्या आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी काढून घेण्यात आली. लायसेकाचा टप्पा मात्र त्याच्याच नावावर आहे. पण आपला संघ तो धुतल्या तांदळाचा, असे मानण्याचा मोह आवरला पाहिजे. २००३ मध्ये आल्प द्युएझच्या जगप्रसिद्ध चढावर एकटा पुढे निघून जिंकलेला इबान मायो हा बास्क लोकांच्या गळ्यातला ताईत होता. त्या वर्षी आयमार सुबेल्दिया पाचवा आणि मायो सहावा आला. एवढ्याशा मुलखाचे दोन स्वार पहिल्या सहांत! पुढे मायो दुसऱ्या संघात गेला आणि २००७ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडून त्याची कारकीर्द संपली. खेळच त्या काळी आजारी होता, आणि आपल्या माणसांवरच्या प्रेमाने आजार बरा होत नाही.

या संघाचा सर्वांत यशस्वी स्वार कोण, असे विचाराल तर उत्तर सामुएल सांचेझ. आणि तो बास्क नव्हे. त्याचे गाव ओव्हिएदो, आस्तुरियास प्रांतातले. तो बास्क हौशी मंडळांतून घडला, २००० मध्ये या संघात आला आणि संघ बंद होईपर्यंत, चौदा हंगाम, तेथेच राहिला. २००८ मध्ये बीजिंगला त्याने रस्त्यावरच्या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. नातवासोबत मी पाहिले ते दृश्यही त्याचेच होते: १४ जुलै २०११, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, आणि पुन्हा तेच लूझ-आर्दिदेन. त्या वर्षी डोंगरी टप्प्यांवरच्या सर्वोत्तम स्वाराचा ठिपक्यांचा सदराही त्याला मिळाला. रस्त्यावर नारिंगी माणसे त्याच्या नावाने ओरडत होती तेव्हा हा परप्रांतीय आहे, असे कोणाच्या मनात आले असेल असे मला वाटत नाही. 'येथे घडलेला' हे शब्द नियमात घालणाऱ्या माणसाने मोठे शहाणपण दाखविले. केवळ 'येथे जन्मलेला' एवढेच लिहिले असते तर त्या नियमाला मी आज मान दिला नसता. जन्म कोणाच्याच हातचा नसतो. घडविणे समाजाच्या हातचे असते. शाळांचेही दुसरे काय काम आहे?

त्याच वर्षीची दुसरी घटना मला अधिक मोलाची वाटते. १९७८ मध्ये सान सेबास्तियान येथे राजकीय निदर्शनांमुळे वुएल्टाचा अखेरचा टप्पा रद्द करावा लागला होता आणि त्यानंतर तेहतीस वर्षे ही शर्यत बास्क मुलखात पाऊल टाकायला धजली नव्हती. ९ सप्टेंबर २०११ रोजी ती बिल्बाओला आली. संघाचा इगोर आन्तोन हा बिल्बाओलगतच्या गाल्दाकाओ गावचा. आदल्या वर्षी, २०१० मध्ये, याच शर्यतीत तो सर्वांच्या पुढे, अग्रणीचा लाल सदरा अंगावर असताना पडला, कोपराचे हाड मोडले आणि घरी परतला. २०११ मध्ये त्याची शर्यत वाईट चालली होती. एकूण क्रमवारीत तो पार मागे पडला होता. पण बिल्बाओच्या त्या टप्प्यात, आपल्या घरच्या चढावर, तो निसटला आणि एकटा शहरात शिरला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २० ऑक्टोबर रोजी, त्या सशस्त्र संघटनेने हिंसा कायमची थांबवीत असल्याचे जाहीर केले. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. इतकेच म्हणतो की ज्या रस्त्यांवर शर्यत येऊ शकत नव्हती, त्या रस्त्यांवर त्या दिवशी माणसे टाळ्या वाजवायला उभी होती.

मग हा संघ बुडाला कसा?

सायकल-खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ पासून वरच्या श्रेणीच्या संघांसाठी परवान्याची पद्धत आणली, आणि पुढे संघातील स्वारांनी मिळविलेल्या गुणांना त्यात महत्त्व आले. गुण नाहीत तर वरची श्रेणी नाही. वरची श्रेणी नाही तर फ्रान्सच्या शर्यतीत हक्काची जागा नाही. ती नाही तर प्रायोजक थांबेल कशाला? याच सुमारास स्पेनमध्ये मंदी होती आणि सरकारी संस्थांचा हातभार आटत चालला होता. २०१३ च्या हंगामासाठी संघाचा कारभार जुन्या प्रतिष्ठानाच्या हातून निघून कंपनीच्या बाजूने उभ्या केलेल्या नव्या व्यवस्थेकडे गेला, आणि वीस वर्षे पाळलेला नियम मोडला. ग्रीस, पोर्तुगाल, स्लोव्हेनिया, जर्मनी, मोरोक्को, रशिया अशा देशांतले स्वार घेतले गेले. पुष्कळसे त्यांच्या नावावर जमलेल्या गुणांसाठी. त्या स्वारांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पोटासाठी गावोगाव फिरणारी तीही कष्टाळू माणसे. त्यांतला एकजण उत्तेजकाच्या चाचणीत सापडला, हे संघाचे आणखी दुर्दैव. पण मंडळांतून येणाऱ्या पोरांनी जी जागा डोळ्यांपुढे ठेवून पॅडल मारले, ती जागा गुणतक्त्याने घेतली.

ऑगस्ट २०१३ मध्ये संघ बंद होत असल्याचे जाहीर झाले. मोटार-शर्यतीतला जगज्जेता फर्नांदो आलोन्सो संघ विकत घेणार, अशी बातमी सप्टेंबरात आली. लोकांना धीर आला. महिना संपण्यापूर्वी ती बोलणी फिसकटली. एका वर्षापुरता नियम मोडून संघ वाचला असता तर मी आज काय म्हटले असते, कोण जाणे. नियमही गेला आणि संघही गेला.

येथे मला स्वतःविषयी एक सांगावे लागेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळात मी होतो. छप्पर गळत होते. एका उद्योजकाने सगळा खर्च देऊ केला. अट एकच, ग्रंथालयाच्या नावाआधी त्याच्या कंपनीचे नाव लावावे. मी तावातावाने विरोध केला. संस्था वर्गणीदारांच्या घामावर उभी आहे, तिचे नाव विकायचे नसते, असे भाषण केले. टाळ्याही पडल्या. देणगी गेली. पुढच्या दोन पावसाळ्यांत मागच्या खोलीतील जुन्या मासिकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले. वर्गणीदारांपैकी कोणी छपरासाठी पैसे दिले नाहीत; खरे तर मीही पुरेसे दिले नाहीत. त्या बास्क लोकांनी कंपनीचे नाव आपल्या भूमीच्या नावाआधी लावून घेतले आणि तरी तो संघ आपला म्हणून मिरविला, हे वाचताना मला त्या लगद्याचा वास आठवतो. मी त्या सभेत बरोबर होतो की चूक, हे अजून माझे ठरलेले नाही. नावाआधी नाव लावणे आणि नियम मोडणे, यांतली पहिली गोष्ट मी तेव्हा फार मोठी मानली, एवढे मात्र आता कळते.

संघ फुटल्यावर स्वार पांगले. सांचेझ अमेरिकी संघात गेला, मिकेल निएवे ब्रिटिश संघात, आन्तोन स्पेनच्या दुसऱ्या संघात, आणि मिकेल लान्दा नावाचा तरुण कझाकस्तानच्या पैशावर चालणाऱ्या संघात. लान्दा पुढे मोठा झाला. २०१७ च्या फ्रान्सच्या फेरीत तिसरे स्थान त्याच्या हातून केवळ एका सेकंदाने हुकले. एकवीस टप्पे आणि एक सेकंद! त्याच वर्षी, कारकीर्द भरात असताना, त्याने जुन्या प्रतिष्ठानाचे अध्यक्षपद स्वीकारले. प्रतिष्ठान तेव्हा केवळ नावापुरते उरले होते. २०१८ मध्ये सर्वांत खालच्या व्यावसायिक श्रेणीत, घडायला आलेल्या पोरांचा नवा संघ निघाला. सायकली पुन्हा ओर्बेआच्या. २०२० मध्ये संघ एक पायरी वर चढला आणि एउस्काल्तेल कंपनी परत आली. सदरा पुन्हा नारिंगी झाला. २०२१ मध्ये वुएल्टाचे आमंत्रणही आले. गंमत अशी की त्याच वर्षी ती कंपनीच माद्रिदजवळ मुख्यालय असलेल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीने विकत घेतली. म्हणजे ज्या नावात भाषेचे नाव आहे, त्या नावाचा मालक दूरचा झाला. त्याबद्दल तेथे घरोघरी काय बोलले गेले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. प्रतिष्ठानाने पुढे महिलांचाही संघ काढला आणि त्याला मोंद्रागोन समूहातील सहकारी बँकेचे नाव लागले. १९९० च्या दशकातल्या स्वप्नात मुली कोठे नव्हत्या. ही उणीव कोणीतरी आधीच भरून काढायला हवी होती.

१ जुलै २०२३ रोजी फ्रान्सची फेरी बिल्बाओहून सुरू झाली. फ्रान्सची शर्यत, पण पहिले तीन दिवस बास्क मुलखातून निघालेली. मैदानात बावीस संघ होते. त्यांत नारिंगी संघ नव्हता. त्याला आमंत्रण मिळाले नव्हते. घरच्या लग्नात घरच्यालाच पान नसावे, तसे हे झाले. रस्त्यांवर मात्र माणूस मावत नव्हता. पहिला टप्पा दोन जुळ्या इंग्रज भावांमध्ये लढला गेला आणि त्यांतल्या ॲडम येट्सने जिंकला.

त्या शर्यतीत बहारीनच्या संघाकडून पेल्यो बिल्बाओ नावाचा एक स्वार होता. आडनाव बिल्बाओ असले तरी गाव गेर्निका. २०११ ते २०१३ या अखेरच्या तीन हंगामांत तो नारिंगी संघात होता. त्याने शर्यतीपूर्वी जाहीर केले होते की प्रत्येक टप्प्यात आपल्या मागे जितके स्वार राहतील, तितके युरो आपल्या मुलखातील जंगल पुन्हा लावण्यासाठी आपण देऊ. ११ जुलै रोजी इस्वार येथे संपलेला दहावा टप्पा त्याने जिंकला. महिन्याभरापूर्वीच त्याच्या संघातला जिनो मेडर हा तरुण सहकारी स्वित्झर्लंडमधील शर्यतीत दरीत कोसळून मरण पावला होता. झाडांसाठी असा पैसा देण्याची कल्पना मूळची त्याची. पेल्योने विजय त्याला वाहिला. त्या दिवशी त्याच्या मागे सगळेच राहिले होते.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी चिटणीसांनी मघाशीच पाठविली आहे.  विद्यार्थ्यांना काही विचारायचे असल्यास मी थोडा वेळ येथेच थांबतो.